चष्मेवाली आणि तिसऱ्या मजल्याच्या पायऱ्या

आमच्या समोरच्या दारातली सून रोज चष्मा लावून कामाला जाते, पण तिच्या डोळ्यांना नंबर नाही. काच साधी, कपाटाच्या दाराला असते तशी. ती चष्म्याच्या दुकानात काम करते, आणि मालकांचं म्हणणं असं की विकणाऱ्याच्या नाकावर चष्मा नसेल तर घेणाऱ्याला धीर येत नाही. म्हणून दर महिन्याला तिच्या चेहऱ्यावर दुकानातली नवी फ्रेम येते. कधी कासवाच्या पाठीसारखी तपकिरी, कधी निळी, कधी नुसती तार. इमारतीत सगळे तिला चष्मेवालीच म्हणतात आणि तिला ते ठाऊक आहे. एकदा पार्सलवाल्यानं खालून "चष्मेवाली कोण?" अशी हाक दिली, तर ती "आले" म्हणून सरळ खाली उतरली.

तिचं राहणं मी समोरच्या दारातून ती लग्न होऊन आली तेव्हापासून बघते आहे. दोन काळ्या पँटी, मोजके शर्ट आणि एक राखाडी जॅकेट, तेही सेलमध्ये घेतलेलं आणि कोपराशी तिनं स्वतः आतून शिवलेलं. पण ती जिन्यात दिसली की वाटतं, बाई कुठल्यातरी मोठ्या ऑफिसात निघाली आहे. मी एकदा विचारलं, हे जमवतेस कसं? म्हणाली, "काकू, लोक माझ्या चेहऱ्याकडे बघायला येतात. कपड्यांनी मध्ये मध्ये बोलायचं नाही, एवढंच." मग तिनं शर्टाच्या कॉलरवरचा लाल डाग मला दाखवला. सकाळी मुलीनं जॅमचा हात लावला होता. दिवसभर तिनं त्यावर गळ्यातला रुमाल ओढून घेतला होता आणि एका गिऱ्हाईक बाईनं तसाच रुमाल कुठे मिळेल म्हणून विचारलंही होतं.

मुलीला घरात भिंगरी म्हणतात, कारण ती उभी राहिली तरी फिरत असते. नवरा बसडेपोत मेकॅनिक. एक आठवडा सकाळपाळी, एक आठवडा दुपारपाळी. पगार दोघांचे, पण भाडं, शाळा आणि डेपोपर्यंत जायच्या स्कूटरचा हप्ता यांनी ते आधीच वाटून घेतलेले असतात. भिंगरी शाळेनंतर पाळणाघरात जायची. चष्मेवाली म्हणायची, "मी अर्धा दिवस पाळणाघरासाठीच नोकरी करते. उरलेला अर्धा आपल्यासाठी."

गेल्या वर्षी तिचे सासरे गेले आणि सासूबाई इकडे राहायला आल्या. मी त्यांना मावशी म्हणते. आल्या आणि पंधरा दिवसांत गल्लीतल्या निम्म्या बायकांना ओळखायला लागल्या. रोज सकाळी खाली उतरायच्या, भाजीवाल्याशी हुज्जत घालायच्या आणि वर येताना तिन्ही मजल्यांवरच्या बातम्या घेऊन यायच्या. सुनेचं आणि त्यांचं भांडण मी कधी ऐकलं नाही. पण गप्पाही ऐकल्या नाहीत. सून फार अदबीनं वागायची. मावशी खुर्चीत बसल्या की ही उभीच. काहीतरी पुसायची, काहीतरी उचलायची, काहीतरी आणून द्यायची. मावशी एकदा मला म्हणाल्याही, "घरात आहे की हॉटेलात, तेच कळत नाही गं. सारखं कुणीतरी बाजूला उभं."

बोनस मिळाला तेव्हा चष्मेवालीनं पहिलं काम केलं ते सासूबाईंना नवीन चष्मा केला. मावशींकडे दोन होते, एक लांबचा आणि एक जवळचा, आणि जो हवा तो नेमका दुसऱ्या खोलीत असायचा. हिनं त्यांना दुकानात नेलं आणि दोन्ही कामं एकाच काचेत करणारा, मध्ये रेघ नसलेला चष्मा केला. असल्या काचेत वरून लांबचं दिसतं, खालून जवळचं. महाग असतो तो, सवलत धरूनही. फ्रेम हलकी, सोनेरी, मावशींच्या गोल चेहऱ्याला अशी शोभली की मीसुद्धा आरशात माझ्या जाड काळ्या फ्रेमकडे रागानं बघितलं. जुने दोन्ही चष्मे दुकानातल्या गरजूंसाठीच्या खोक्यात गेले.

"कसा आहे, आई?"

"छान आहे," मावशी म्हणाल्या.

त्यानंतर कधीतरी मावशींचं खाली उतरणं बंद झालं. आम्हा कुणाच्या ते एकदम लक्षात आलं नाही. भाजी चष्मेवालीच येता येता आणायला लागली. मावशी घरात असायच्या, मान खाली घालून. बोलल्या तरी हनुवटी छातीशी. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी निष्कर्ष काढला की नवऱ्याचं दुःख आता उसळून आलंय. दुसऱ्या मजल्यावरचं मत वेगळं होतं. सून दिवसभर बाहेर असते, ते त्यांना रुचत नाही, म्हणून तोंड फुगवून बसतात. ही दुसरी बातमी जिन्यातून चष्मेवालीपर्यंत पोचली. तिनं ऐकून घेतली, चपला काढल्या आणि आत गेली.

अशात मालकांनी तिला नवीन दुकान चालवशील का म्हणून विचारलं.

मालक वयस्क, सरळ माणूस. दुसरं दुकान काढत होते, रस्त्याच्या पलीकडच्या बाजारात. तिथली सगळी जबाबदारी तिची, पगार चांगला वाढणार. फक्त वेळ बदलणार. दुपारी जायचं ते दुकान बंद करूनच यायचं. पाळणाघर त्याच्या आधीच बंद होतं. म्हणजे नवऱ्याची दुपारपाळी असलेल्या आठवड्यात भिंगरीला शाळेतून आणायला आणि संध्याकाळी सांभाळायला घरातलं कुणीतरी हवं. मालकांनी सोमवारपर्यंत मुदत दिली होती.

मी आणीन म्हटलं असतं. म्हटलंही. पण दुपारी मी माझ्या वडिलांकडे जाते. ते गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटे राहतात आणि माझ्या हातचं खाल्ल्याशिवाय औषध घेत नाहीत. चष्मेवालीला हे माहीत आहे. ती म्हणाली, "काकू, अडीनडीला तुम्ही आहातच. पण रोजचं तुमच्यावर टाकून मला झोप लागायची नाही."

राहिल्या मावशी. शाळा गल्लीच्या तोंडाशी, एक रस्ता ओलांडायचा, तोही शाळेचा पहारेकरी हात धरून ओलांडून देतो. मी मटार सोलायला त्यांच्याकडे जाऊन बसले होते, तेव्हाच हा विषय निघाला. विषय काढला मावशींच्या मुलानं. चष्मेवाली ओट्याशी पाठ करून उभी होती.

"आई, तू आणशील का गं हिला शाळेतून? एक आठवड्याआड."

मावशींनी मटाराची शेंग उकलली, दाणे काढले आणि टरफल हातातच ठेवलं.

"माझ्याच्यानं व्हायचं नाही."

"अगं, इथंच तर आहे शाळा."

"म्हटलं ना, व्हायचं नाही. तुमचं तुम्ही बघा." त्यांनी मान आणखी खाली घातली. "घरात सांभाळीन. खाऊ घालीन, अभ्यास घेईन. आणायचं तेवढं सांगू नका."

ओट्याशी नळ सुरू झाला. धुवायला तिथे काही नव्हतं.

दाराबाहेर चष्मेवाली मला सोडायला आली तेव्हा अगदी शांत होती. "सोमवारी मालकांना नाही म्हणून सांगते," ती म्हणाली. "आईंचंही बरोबर आहे. सुनेच्या नोकरीपायी या वयात त्यांनी का पळावं?"

"त्या नोकरीला नाही म्हणाल्या असं मला नाही वाटलं."

"मग कशाला म्हणाल्या?"

घरी येऊन मटार शिजायला टाकले तरी ते टरफल माझ्या डोळ्यांपुढून हलेना. माणसाला राग आला असेल तर तो टरफल टाकून देतो. मावशींनी ते मुठीत घट्ट धरलं होतं.

शुक्रवारी सकाळी मी कचऱ्याची पिशवी घेऊन खाली निघाले, तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मावशी. एकट्या. एका हातानं कठडा धरलेला, दुसऱ्या हातात सोनेरी चष्मा. पायानं पुढची पायरी चाचपत होत्या, अंधारात चालल्यासारख्या. जिन्यात तर लख्ख ऊन आलेलं होतं.

"मावशी, चष्मा पडला का?"

त्या दचकल्या. मग म्हणाल्या, "काढलाय."

"का?"

"घालून बघितलं तर सगळ्या पायऱ्या पोहायला लागतात. काढला तर धूसर, पण निदान जागच्या जागी तरी राहतात." त्या पायरीवर बसल्या. मीही शेजारी बसले. "सराव करत होते. म्हटलं, रोज एकेक मजला उतरून बघावं. पण पोरीचा हात हातात घेऊन कशी उतरू? स्वतः पडले तर पडले. तिला घेऊन पडले तर?"

"मग चष्मेवालीला सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू? तू पोटाला चिमटा घेऊन केलेला चष्मा मला लागत नाही म्हणून? तिचा तर धंदाच तो. आणि माझ्या बाबतीतच चुकली म्हटलं, तर तिला काय वाटेल?" त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "तू बोलायचं नाहीस. शपथ नाही घालत, पण बोलायचं नाहीस."

"घरातही दिसत नाही का नीट?"

"मान खाली घातली की दिसतं. वरच्या काठातून. आता सवय झाली."

मी पिशवी तिथेच ठेवली आणि त्यांना वर पोचवलं. सबंध इमारत या बाईच्या मानेवरून गोष्टी रचत होती आणि ती बिचारी नुसती नीट दिसावं म्हणून मान खाली घालत होती. मला हसू आलं, आणि हसल्याची लाजही वाटली. आणि तरी, शब्द दिला नसला तरी घेतला गेला होता. आता काय करायचं?

माझा स्वतःचा नंबर वाढला होता, हे खरंच होतं. पेपर हातभर लांब धरल्याशिवाय वाचता येत नव्हता, आमचे हे म्हणायचे, "हात वाढवून घे नाहीतर चष्मा बदल." तेव्हा शनिवारी मी चष्मेवालीच्या दुकानात गेले, यात खोटं काही नाही.

दुकान अरुंद आणि लांब आहे. दोन्ही भिंतींना फ्रेमा आणि मधूनमधून आरसे, त्यामुळे आत शिरलं की आपणच आपल्याला चारपाच वेळा भेटतो. शेवटी एका कोपऱ्यात दोन गोल स्टुलं, खालीवर होणारी. तिनं मला फ्रेमा लावून दाखवल्या. ही नको, तुमचं हसू झाकते. ही नको, शाळेतल्या कडक बाई वाटाल. शेवटी एक तपकिरी निवडली आणि मला स्टुलावर बसवून समोरच्या स्टुलावर स्वतः बसली. इतकी जवळ की गुडघ्याला गुडघा लागला. मग खालची कळ दाबून आपलं स्टूल खाली घेतलं, जरा वर घेतलं, पुन्हा थोडं खाली.

"हे काय चाललंय?"

"तुमचे आणि माझे डोळे एका पातळीत आणते. आता माझ्या डोळ्यात बघा. हलू नका. हसलात तरी चालेल." काळ्या पेननं तिनं काचेवर ठिपके दिले, माझ्या बुबुळांच्या बरोबर समोर. "सगळं काम या ठिपक्यावर आहे, काकू. मी जरा उंच असले तर तुम्ही वर बघणार, ठिपका वर पडणार. मग वाचायचा भाग काचेत वर सरकतो. खुर्चीत बसून कळत नाही, माणूस चालायला लागलं की जमीन पोहते."

"पायऱ्याही?"

"पायऱ्या तर आधी. का हो?"

"काही नाही." मी पर्स एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. "मावशी इथेच बसल्या होत्या ना, माप देताना?"

"हो, तुमच्याच जागेवर."

"आणि तू?"

"मी इथे..." तिनं आपल्या स्टुलाकडे बघितलं. पेनचं टोपण लावायला गेली, ते लागेना. "नाही. मी बसलेच नाही. आई बसल्या होत्या ना. मी उभी होते."

मी शब्द मोडला असं कुणाला वाटलं तर वाटू दे. मी फक्त कोण कुठे बसलं होतं एवढंच विचारलं.

शेजारी कुणीतरी फ्रेमचा भाव विचारत होतं, तिच्या सोबतच्या मुलीनं उत्तर दिलं. मग चष्मेवाली अगदी हळू म्हणाली, "त्या घरात मान खाली घालून असतात. मला वाटायचं, माझं तोंड बघायचं नाही म्हणून." आणि थोड्या वेळानं, "मी चेहरे बघायचा पगार घेते, काकू."

"पगार दुकानातल्या चेहऱ्यांचा मिळतो," मी म्हटलं. "घरातले बघायला कुणाला वेळ असतो?"

"तुम्हाला असतो."

"मी घरीच असते."

तेव्हा ती हसली. तिचं मला हे फार आवडतं, की हसायचं तेव्हा ती हसते.

रविवारी सकाळी तिनं मला बोलावलं, भिंगरीला जरा गुंतवून ठेवा म्हणून. भिंगरी माझ्या मांडीवर बसली आणि माझ्या वेणीला गाठी घालायला लागली. चष्मेवालीनं स्वयंपाकघरात दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या.

"आई, बसा."

"अगं, दूध ठेवलंय."

"दूध काकू बघतील."

"काकू पाहुण्या आहेत."

"मी कधीपासून पाहुणी झाले?" मी म्हटलं, आणि गॅस बारीक केला.

मावशी बसल्या. चष्मेवाली त्यांच्यापेक्षा उंच. तिनं मावशींच्या खाली उशी सरकवली.

"मला कशाला उंच करतेस?"

"माझ्याएवढी करते." आणि ती समोरच्या खुर्चीत बसली.

मावशींनी तिच्याकडे जरा संशयानं बघितलं. "तू पण बसणार?"

"बसते."

"बरं नाही का तुला?"

"आई, चष्मा लागत नाही ना तुम्हाला?"

मावशींनी आधी माझ्याकडे बघितलं. मी भिंगरीच्या हातातून माझे केस सोडवत होते. "कोण म्हणालं?" त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही. मी उभं राहून माप घेतलं होतं, ते मला काल आठवलं. लागणारच नाही तो. तुमची चूक नाही, माझी आहे."

"चूकबीक काही नाही. सवय झालीय मला."

"मला सवय नाही करायची. इकडे बघा. माझ्या डोळ्यात."

"तो तुझा खोटा चष्मा आधी काढ," मावशी म्हणाल्या. "काचेत मीच दिसते."

तिनं तो काढून ओट्यावर ठेवला. मावशी बघत राहिल्या. अगदी निवांत. मला वाटतं, त्यांनाही ते बरं वाटत होतं. मग म्हणाल्या, "तुझ्या भुवईत तीळ आहे गं. इतके दिवस दिसलाच नाही."

"हलू नका आई."

"बोलू तरी का?"

"बोला."

"मग ऐक." मावशींचा आवाज बदलला नाही, पण त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. "मी शर्टाच्या कारखान्यात बटणं लावायची. तुझा नवरा सहा महिन्यांचा होता, तेव्हा मी परत कामाला निघाले. सासूबाईंना म्हटलं, दुपारचं तेवढं बघा. त्या म्हणाल्या, माझ्याच्यानं व्हायचं नाही. झालं. सोडली नोकरी. चांगली होते मी कामात. माझी ओळ सगळ्यात आधी संपायची. परवा मटार सोलताना माझ्या तोंडातून तेच शब्द निघाले. तसेच्या तसे. मग काही खाल्लं गेलं नाही मला."

चष्मेवालीचा हात हवेतच होता, पेन धरलेला.

"मी नाही म्हटलं ते पायऱ्यांना म्हटलं," मावशी म्हणाल्या. "तुझ्या दुकानाला कोण नाही म्हणतंय? उलट मला बघायचंय, तू खुर्चीत बसून हुकूम सोडतेस ती."

"आई, मला आता ठिपका नीट देता येत नाहीये."

"का?"

"डोळ्यात पाणी आलंय."

"मग पूस. घाई आहे का कुणाला?"

तिनं बाहीनं डोळे पुसले. शर्ट पांढरा होता, पण त्या दिवशी तिनं ते बघितलं नाही. मग ठिपके दिले. नवी खूण जुन्यापेक्षा चांगलीच खाली पडली, मलाही लांबून दिसली. दूध उतू गेलं ते माझ्यामुळे. मी त्याबद्दल माफी मागितली नाही आणि कुणी मागायलाही लावली नाही.

सोमवारी तिनं मालकांना हो सांगितलं. मालकांनी विचारलं, घरचं जमतंय का? ती म्हणाली, जमवतोय. काचा बदलून यायला आठवडा लागला. त्यांचे पैसे मालकांनी तिच्या पगारातून कापायचे ठरवले होते, मग कापलेच नाहीत. म्हणाले, माझ्या दुकानात माझ्या माणसाला बसायला सुचलं नाही, तर थोडा दोष दुकानाचाही आहे. असली माणसं जगात आहेत, हे अधूनमधून कळत राहिलं की बरं वाटतं.

काचा आल्यावर मावशींनी पहिल्यांदा जिना उतरला तो मी आणि भिंगरी दोघींच्या मध्ये. दुसऱ्या मजल्यावर दुसऱ्या मजल्याच्या बाई दारात उभ्याच होत्या. "बरं वाटतंय का आता?" त्यांनी विचारलं. मावशी थांबल्या, त्यांना नखशिखांत बघून घेतलं आणि म्हणाल्या, "आता तुम्ही स्पष्ट दिसताय." आणि पुढे निघाल्या.

घरात मात्र त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आली नव्हती. पहिल्या आठवड्याच्या शेवटी जेवताना त्यांनी मुलाला आणि सुनेला सांगितलं, "माझ्याही अटी आहेत."

"कसल्या, आई?"

"कारखान्यात मला आठवड्याची सुट्टी होती. इथेही पाहिजे. रविवारी मी भिंगरीला बघणार नाही, स्वयंपाकाला हात लावणार नाही, आणि मी कुठे गेले ते विचारायचं नाही."

मुलगा हसायला लागला. "आई, युनियन काढतेस का?"

"काढीन. काकूंना घेईन सेक्रेटरी."

चष्मेवाली हसली नाही. ती उठली, कपाटातून पाकीट आणलं आणि पाळणाघराला दर महिन्याला जायचे तेवढे पैसे त्यांच्या पानाशेजारी ठेवले. मावशींनी हात मागे घेतला. "घरच्या माणसाला कुणी पगार देतं का?" त्या म्हणाल्या. चष्मेवाली म्हणाली, "बाहेरच्या बाईला देत होते तेव्हा मला जड जायचे. तुम्हाला देताना जात नाहीत. घ्या." बरीच ओढाताण झाली. शेवटी मावशींनी निम्मे घेतले आणि निम्मे भिंगरीच्या नावानं ठेवायला लावले. घेतलेल्या निम्म्यातून पहिल्याच महिन्यात त्यांनी चालायचे बूट आणले, गडद लाल. दुकानदारानं म्हणे काळे दाखवले होते. त्या म्हणाल्या, काळे मी माझ्या नवऱ्याला घेतले असते.

मी शिकलेली बाई आहे, पदवी आहे माझ्याकडे, आणि घरी राहायचं मी स्वतः ठरवलं. त्याचं मला दुःख नाही. पण सुट्टी मागावी, हे मला कधी सुचलं नव्हतं. आता मीही महिन्यातला एक रविवार घेते. त्या दिवशी वडिलांकडे आमचे हे जातात आणि दोघं पुरुष एकमेकांना काय खाऊ घालतात ते मी विचारत नाही. यासाठी मी समोरच्या दाराची ऋणी आहे. दारासमोर दार असणं हे नशीबच म्हणायचं. माझं चांगलं निघालं.

नवीन दुकान चालतंय. चष्मेवाली थकते, पण थकल्याची तक्रार हल्ली खुर्चीत बसून करते, मावशींच्या समोर. मावशी ऐकतात, आणि आपल्या काळी बटणं लावून बोटांचं काय व्हायचं ते सांगतात.

गेल्या रविवारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. शेजारच्या गॅलरीत चष्मेवाली भिंगरीचे केस विंचरत होती. खाली मावशी निघाल्या, लाल बूट, नीट इस्त्री केलेले कपडे, खांद्याला पिशवी. गल्लीच्या तोंडाशी जाऊन डावीकडे वळल्या. भाजीवाला उजवीकडे आहे. चष्मेवालीनं तोंड उघडलं, मग मिटलं आणि कंगवा पुन्हा फिरवायला लागली.

"आजी कुठे गेली?" भिंगरीनं विचारलं.

"सुट्टीवर," ती म्हणाली. "हलू नकोस."